मेमोरियलचा 'राजकीय दहशतीचे बळी' डेटाबेस: फुकट, अवाढव्य आणि अर्धवट

सोव्हिएत राजवटीत राजकीय गुन्ह्याखाली पकडल्या गेलेल्या माणसाचा माग काढायचा असेल, तर सुरुवात इथूनच करावी लागते. पत्ता बेस डॉट मेमो डॉट आरयू. पैसे लागत नाहीत, खातं उघडावं लागत नाही, जाहिरातींचा त्रास नाही. 2007 ची चौथी आवृत्ती सीडीवर निघाली होती आणि तिच्यात 26 लाखांवर नावं होती. 2017 ची पाचवी सरळ इंटरनेटवर आली आणि आकडा 30 लाखांच्या पुढे गेला. हे सगळं 'मेमोरियल' या स्वयंसेवी संस्थेनं उभं केलं. तिचे पहिले मानद अध्यक्ष भौतिकशास्त्रज्ञ आंद्रेई साखारोव्ह. रशियाच्या सर्वोच्च न्यायालयानं 28 डिसेंबर 2021 ला ती बरखास्त करण्याचा हुकूम दिला आणि 2022 चं शांततेचं नोबेल जिला विभागून मिळालं तीही हीच.

डेटाबेस कामाचा आहे का? गोळी घातलेल्यांसाठी, हो, दुसरा पर्यायच नाही. छावणीत दहा-दहा वर्षं राबलेल्यांसाठी मात्र तो फार लवकर संपतो. सक्तीच्या श्रमावर लिहायला निघालेले बरेच जण इथे नाव टाकतात, दोन ओळी मिळवतात आणि त्यावर प्रकरण रचतात. तिथेच गाडी घसरते.

मराठी वाचकाला याचं काय, असं वाटत असेल तर 1921 आठवावं. त्या वर्षी बर्लिनहून हिंदी क्रांतिकारकांचं एक शिष्टमंडळ मॉस्कोला गेलं. त्यात वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे होते, सरोजिनी नायडूंचे बंधू वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय होते, बंगालचे गुलाम अंबिया खान लुहानी होते. खानखोजे पुढे मेक्सिकोत गेले आणि शेतीशास्त्रज्ञ म्हणून नाव कमावून राहिले. चट्टोपाध्यायांना 2 सप्टेंबर 1937 ला आणि लुहानींना 17 सप्टेंबर 1938 ला गोळी घातली गेली. जबलपूरला जन्मलेले अबनी मुखर्जी, ताश्कंदला 1920 मध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्ष स्थापणाऱ्यांतले एक, 28 ऑक्टोबर 1937 ला मारले गेले. खानखोज्यांच्या चरित्राच्या निमित्तानं या वर्तुळाकडे वळणाऱ्यांना हा डेटाबेस उघडावाच लागतो.

आता शोध कसा घ्यायचा. इंग्रजी किंवा देवनागरी नाव टाकून काहीच हाती लागत नाही. सिरिलिक लिपीत लिहावं लागतं, आणि खरी कसरत तिथे आहे. रशियन लिपीत 'ह' नाही. त्याच्या जागी कधी 'ख' येतो, कधी 'ग'. 'घ'चा 'ग' होतो, 'ट' आणि 'त' एकाच अक्षरात जातात, ऱ्हस्व-दीर्घ जातं, 'ज'साठी दोन अक्षरं लागतात. शिवाय प्रत्येकाच्या नावाला वडिलांच्या नावावरून मधलं नाव चिकटवलं जातं: चट्टोपाध्यायांचे वडील अघोरनाथ, म्हणून कागदावर ते 'अगोरनातोविच' होतात. चट्टोपाध्याय हे आडनाव रशियन कारकुनानं ऐकून लिहिलेलं असल्यामुळे शेवटच्या दोन-तीन अक्षरांचं काहीही झालेलं असू शकतं. म्हणून आधी मधलं नाव आणि जन्मवर्ष पक्कं करा, आडनावाचे चार-पाच पर्याय लिहून ठेवा आणि एकेक टाकून बघा.

तरीही नाही सापडलं तर 2007 ची जुनी आवृत्ती उघडा; ती लिस्ट्स डॉट मेमो डॉट आरयूवर आहे. दिसायला भिकार, पण एका गोष्टीत नव्यापेक्षा सरस: नावं वर्णक्रमानं साध्या पानांवर ओळीनं छापलेली आहेत. पहिली तीन अक्षरं बरोबर असली की पान खाली सरकवत जायचं. परदेशी माणसाचं बिघडलेलं आडनाव शोधपेटीपेक्षा डोळ्यांना लवकर सापडतं. जन्मस्थळाच्या रकान्यात 'इंदिया' आणि राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात 'इंदुस' शोधणं हा दुसरा मार्ग. त्या काळच्या रशियनमध्ये कोणत्याही हिंदी माणसाला 'इंदुस' म्हणत, त्यामुळे तिथून धर्म ठरवू नका. जन्मगाव आणि अटकेची जागा शोधताना तेव्हाची नावं वापरा: त्वेर म्हणजे कालिनिन, निझ्नी नोव्हगोरोद म्हणजे गोर्की, समारा म्हणजे कुइबिशेव्ह, येकातेरिनबुर्ग म्हणजे स्वेर्दलोव्हस्क.

ब्राउझरचं आपोआप भाषांतर चालू ठेवून नोंद वाचू नका, निदान मूळ पान शेजारच्या टॅबमध्ये उघडं ठेवा. यंत्र आडनावांचं भाषांतर करतं. व्होल्क नावाच्या माणसाचा लांडगा होतो. 'त्रोइका'चं 'तीन' होतं, 'ओसोबोये सोवेश्चानिये'चं 'विशेष बैठक' होतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं की कसलीतरी बैठक भरली होती. प्रत्यक्षात ते शिक्षा देणारं मंडळ होतं. आरोपीला समोर न आणता कागदावर निकाल लागायचा.

शिक्षा कुणी दिली हा रकाना सगळ्यात आधी वाचावा, कारण पुढची फाईल कुठे असेल ते त्यावरून कळतं. 'त्रोइका' लिहिलं असेल तर बहुधा 30 जुलै 1937 च्या 00447 क्रमांकाच्या आदेशाखालची कारवाई, ज्यात पहिल्या वर्गाला गोळी आणि दुसऱ्याला 8 ते 10 वर्षं श्रमछावणी ठरलेली होती. अशा फायली बारीक असतात: अटकेचा कागद, झडतीची यादी, एक-दोन जबान्या, निकालाचा उतारा, गोळी घातल्याची चिठ्ठी. 'वेकावेएस' म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचं लष्करी मंडळ. माणूस पक्षात, सैन्यात किंवा परदेशी वर्तुळात वजनदार होता असं समजा, फाईल जाड असेल. 'ओएसओ' म्हणजे वर सांगितलेलं विशेष मंडळ. शिक्षेच्या रकान्यात 'वेएमएन' म्हणजे सर्वोच्च शिक्षा, अर्थात गोळी. 'ईतेएल' म्हणजे सुधारणूक-श्रमछावणी. आरोपात रशियन दंडसंहितेचं 58 हे कलम येतं आणि त्याच्या पोटकलमांवर बरंच ठरतं: 58-6 हेरगिरी, 58-7 घातपाती नासधूस, 58-8 दहशतवाद, 58-10 सोव्हिएतविरोधी प्रचार, 58-11 संघटना. साध्या शेतकऱ्यावर, मजुरावर बहुधा 58-10. परदेशाशी संबंध असलेल्यावर बऱ्याचदा 58-6. आरोप म्हणजे तपासनिसानं जे लिहिलं ते, आणि कबुलीजबाब मारहाण करून घेतले जात. 'शारीरिक उपाय' 1937 पासून मान्य आहेत, हे 10 जानेवारी 1939 च्या तारेत स्टालिननंच लिहून ठेवलं आहे. 'हेरगिरीसाठी शिक्षा झाली' असं वाक्य जसंच्या तसं उचलणाऱ्याला म्हणूनच अडवावं लागतं.

सगळ्यात धोकादायक रकाना मृत्यूच्या तारखेचा. गोळी घातलेल्याच्या नातेवाइकांना 'दहा वर्षं छावणी, पत्रव्यवहाराचा हक्क नाही' असं सांगायची पद्धत होती. दहा वर्षं उलटल्यावर चौकश्या वाढल्या. मग 1955 मध्ये केजीबीनं आतला हुकूम काढला: अटकेपासून दहा वर्षांच्या आतली कुठलीतरी तारीख आणि एखादा आजार सांगायचा आणि तसाच मृत्यूचा दाखला द्यायचा. त्यामुळे 1937 मध्ये मारलेली माणसं कागदावर 1942 मध्ये न्यूमोनियानं, 1944 मध्ये हृदयविकारानं मेली. खरी तारीख आणि खरं कारण दोन्ही दाखल्यात द्यायला परवानगी मिळाली 1989 मध्ये. चट्टोपाध्यायांच्या मृत्यूची 1940 च्या दशकातली वर्षं जुन्या लेखनात दिसतात, ती या गिरणीतून आलेली. डेटाबेसमध्ये बहुतेक ठिकाणी दुरुस्त तारीख आहे, पण प्रादेशिक स्मृतिग्रंथांतून (प्रदेशाप्रदेशानं छापलेल्या बळींच्या यादीग्रंथांतून) आलेल्या काही नोंदींत खोटी तारीख टिकून राहिलेली सापडते. ओळखायची खूण सोपी: अटक 1937-38 ची, मृत्यू 1941 ते 1946 मधला, छावणीचं नाव नाही, फक्त आजार. असं दिसलं की गोळीबाराच्या याद्या तपासायच्या.

त्या याद्या हा मेमोरियलचा वेगळा विभाग आहे, आणि तो माझ्या मते मुख्य डेटाबेसपेक्षाही चांगला बनवला आहे. 383 याद्या, 11 खंड, सुमारे 44,500 नावं. पॉलिटब्युरोच्या, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च समितीच्या, सभासदांनी आधी सही केली, नंतर लष्करी मंडळानं निकाल दिला. यादीत तीन वर्ग: पहिला गोळी, दुसरा दहा वर्षं, तिसरा पाच ते आठ. मूळ पानांची छायाचित्रं आहेत, टाइप केलेल्या नावांवर रंगीत पेन्सिलीच्या सह्या दिसतात. चट्टोपाध्यायांचं नाव असलेल्या यादीवर 31 ऑगस्ट 1937 ला सह्या झाल्या. त्याच यादीत आणखी 184 जण होते. खटला आणि मृत्यू दोन्ही 2 सप्टेंबरला. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की 'न्यायालयात काय झालं' हा प्रश्न उरतच नाही. मुख्य डेटाबेसमध्ये फक्त दुसरी तारीख मिळते. लष्करी मंडळाकडून गोळीची शिक्षा झालेला कुणीही असो, दोन्ही ठिकाणी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

डेटाबेसवरून आकडेवारी काढायचा मोह होतो, तो आवरा. नोंदी प्रादेशिक स्मृतिग्रंथांतून जमवलेल्या आहेत आणि प्रत्येक प्रदेशानं आपला निकष लावला. कुणी आपल्याकडे जन्मलेल्यांची नावं घेतली, कुणी आपल्याकडे अटक झालेल्यांची. सारातोव्हला जन्मून लेनिनग्राडला पकडलेला माणूस दोन वेळा येतो, कधी दोन वेगळ्या स्पेलिंगांनी. उलट काही प्रदेशांनी अजून निम्मंही काम केलेलं नाही. एकूण बळींच्या साधारण चौथाईच नावं इथे आहेत, असं खुद्द मेमोरियलचंच म्हणणं होतं. 'नोंद नाही' याचा अर्थ 'पकडला नव्हता' असा कधीच होत नाही.

आता श्रमछावण्या. 1930 ते 1953 या काळात सुमारे 1 कोटी 80 लाख माणसं छावण्या आणि वसाहतींतून गेली. त्यातल्या एखाद्याची नोंद सापडली तरी बहुधा 'आठ वर्षं ईतेएल' इथेच थांबते. कुठल्या छावणीत, कुठल्या कामावर, कधी सुटका, यातलं काही नाही. कारण साधं आहे: स्मृतिग्रंथ तपासाच्या फायलींवरून बनले, आणि तपासाची फाईल निकालाला संपते. पुढचं सगळं कैद्याच्या वैयक्तिक फाईलमध्ये आणि नोंदणीकार्डात असतं, आणि ती गृहखात्याच्या माहिती केंद्रांकडे. मुदत संपली की फाईल नष्ट करायची, कार्ड ठेवायचं, असा तिथला रिवाज. 2018 मध्ये मगदानच्या बाबतीत उघड झालं की 2014 च्या एका आतल्या आदेशाचा आधार घेऊन कार्डंही नष्ट केली गेली आहेत. कोलिमाचं, म्हणजे मगदानभोवतीच्या छावण्यांच्या मुलखाचं, संशोधन करणाऱ्यांनी हे गृहीत धरूनच निघावं.

मग काय वापरायचं? मेमोरियलनंच 1998 मध्ये छापलेली श्रमछावण्यांची मार्गदर्शिका, जी त्यांच्या जुन्या संकेतस्थळावर उघडता येते. 476 छावणी-संकुलांची नोंद आहे: कधी उघडलं, कधी बंद झालं, कुणाच्या हाताखाली, मुख्यालय कुठे, प्रमुख कोण, काम काय, वर्षवार कैदी किती. कोरडी, पण विश्वासू. 'छावणी' हा शब्द मात्र जपून घ्या. कार्लाग म्हणजे एक कुंपण नव्हे. कझाकस्तानातला तो अख्खा मुलूख होता आणि 'देशद्रोह्यांच्या' बायकांसाठीची अक्मोलिन्स्कची छावणी त्याचाच एक विभाग. नुसतं 'कार्लाग' लिहिलेल्या माणसानं शेती केली, मेंढ्या राखल्या की शिवणकाम केलं, हे मार्गदर्शिका सांगू शकत नाही.

उत्पादनाचे आकडे वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. छावणीचे कैदी चार गटांत मोजले जात: अ गट उत्पादनाच्या कामावर, ब गट छावणीच्या आतल्या कामांवर, क गट आजारी, ड गट इतर कारणांनी कामावर न गेलेले (रशियन वर्णमालेत ही अक्षरं आ, बे, वे, गे). दरडोई उत्पादन बहुतेक वेळा अ गटावर भागलेलं असतं. एकूण कैद्यांवर भागलं तर वेगळंच चित्र दिसतं. दुसरी गोष्ट 'तुफ्ता', म्हणजे खोटं काम. जंगलतोडीत मोजून झालेल्या ओंडक्याच्या टोकावर शिक्का मारत. तेवढीच पातळ चकती करवतीनं कापून टाकली की ओंडका पुन्हा ताजा, पुन्हा मोजणीला. भाकरी कामाच्या टक्केवारीवर मिळत असल्यामुळे कैदी हे करत, आणि योजना पुरी झाली नाही तर साहेबाची मान जाईल म्हणून तो बघून न बघितल्यासारखं करे. घनमीटरचे आकडे मॉस्कोला पोचेपर्यंत त्यात इतकी हवा भरलेली असे. मृत्यूचे आकडे याच्या उलट्या बाजूनं फसवतात: अगदी मरणाला टेकलेल्यांना वैद्यकीय मंडळ 'अपात्र' ठरवून सोडून देई, आणि तो मृत्यू छावणीच्या हिशेबात लागत नसे.

शिक्षा आणि सुटकेच्या तारखा जुळत नसतील तर लगेच चूक समजू नका. 1930 च्या दशकात कामाच्या बदल्यात शिक्षेचे दिवस कमी होत. पांढरा समुद्र-बाल्टिक कालव्यावर (1931-33, 227 किलोमीटर) याचा सढळ वापर झाला. 1939 मध्ये ती सवलत काढली गेली. त्यानंतरच्या नोंदीत सुटका उशिरा दिसली तर बहुधा युद्ध. 58 कलमाच्या अनेकांना मुदत संपूनही 'विशेष आदेशापर्यंत' अडकवून ठेवलं होतं.

डेटाबेसच्या पुढे, अर्काइव्हपर्यंत जायचं तर नोंदीच्या तळाचा 'स्रोत' रकाना उतरवून घ्या. तो कुठल्या प्रदेशाचा स्मृतिग्रंथ, कुठला खंड ते सांगतो. काहींत फाईलचा क्रमांकही आहे. मॉस्को आणि भोवतालच्या प्रांतातल्या तपासाच्या बऱ्याच फायली रशियाच्या राज्य अभिलेखागारात 10035 क्रमांकाच्या संग्रहात आहेत. बाकी बहुतेक एफएसबीच्या (केजीबीच्या आजच्या वारसदाराच्या) प्रादेशिक कचेऱ्यांत. नातं नसलेल्याला फाईल बनल्यापासून 75 वर्षं थांबायचा नियम लागतो. 1937-38 साठी तो कधीच उलटला आहे, पण नकार तरीही येतात. फाईल हाताशी आलीच तर शेवटची पानं आधी वाचा. 1950 च्या दशकातल्या दोषमुक्तीसाठी जुन्या सहकाऱ्यांच्या नव्यानं जबान्या घेतल्या जात, आणि माणसाबद्दल खरं काही कळतं ते बऱ्याचदा तिथेच. ही दोषमुक्तीची कागदपत्रं सोव्हिएत सरकारी वकिलाच्या 8131 क्रमांकाच्या संग्रहातही असतात, म्हणजे एफएसबीनं दार लावलं तरी एक खिडकी उरते. गुलागच्या, म्हणजे श्रमछावण्यांच्या कारभाराच्या, मुख्य कचेरीचा संग्रह 9414. त्याच्या मायक्रोफिल्म अमेरिकेत हूवर संस्थेत आहेत, म्हणजे त्यासाठी मॉस्कोला जायची गरज नाही. कोमिन्टर्नशी (कम्युनिस्ट पक्षांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेशी) संबंध असलेल्या हिंदी माणसांसाठी 495 क्रमांकाचा संग्रह, पण तो वेगळ्या अभिलेखागारात, आरजीएएसपीआयमध्ये. मॉस्कोचं गुलाग संग्रहालय, जिथल्या कागदपत्र केंद्रात विचारपूस करता यायची, नोव्हेंबर 2024 मध्ये अग्निसुरक्षेचं कारण देऊन बंद केलं गेलं.

अटक युक्रेनमध्ये झालेली असेल तर नशीब समजा. 2015 च्या कायद्यानं तिथली केजीबीची कागदपत्रं परदेशी माणसालाही खुली झाली, स्वतःच्या कॅमेऱ्यानं फोटो काढता येतात. युद्धामुळे वेळ लागतो, पण नकारापेक्षा उशीर बरा.

'ओपन लिस्ट' हे मेमोरियलच्या यादीचं विकी रूप. प्रत्येक माणसाला एक पान, कुणीही माहिती घालू शकतो, रशियनशिवाय युक्रेनियन, बेलारुशियन आणि जॉर्जियन आवृत्त्या. फोटो, पत्रं, नातवंडांनी लिहिलेल्या आठवणी तिथेच मिळतात. कुठली ओळ स्मृतिग्रंथातली आणि कुठली घरच्यांच्या ऐकीव माहितीतली, हे पानाचा इतिहास उघडून बघावं लागतं. पकडणाऱ्यांचा शोध घ्यायचा तर मेमोरियलनं 2016 मध्ये खुला केलेला एनकेव्हीडीच्या (स्टालिनकाळच्या गुप्त पोलिसांच्या) अधिकाऱ्यांचा संच आहे, 1935 ते 1939 मधले सुमारे 40 हजार जण. जबानीखाली सही केलेल्या तपासनिसाचं नाव तिथे टाकलं तर कधीकधी त्यालाही नंतर गोळी घातलेली दिसते. झेक संशोधकांचं गुलाग डॉट ऑनलाइन हे सालेखार्द-इगार्का रेल्वेवरच्या ओसाड छावण्यांचं त्रिमिती दर्शन. बराकीची रुंदी-लांबी डोळ्यांपुढे आणायला चांगलं, संशोधनाला फारसं नाही.

पाचपैकी गुण द्यायचे तर गोळीबारासाठी साडेचार, श्रमछावण्यांसाठी दोन.

सापडलेली प्रत्येक नोंद त्याच दिवशी पीडीएफ करून ठेवा आणि वेबॅक मशीनवरही (संकेतस्थळांच्या प्रती साठवणाऱ्या सेवेवर) पान जतन करा. चालवणारी संस्था कायद्यानं अस्तित्वात नसताना हे संकेतस्थळ किती दिवस राहील याची हमी कुणी देणार नाही. तळटिपेत नुसतं 'मेमोरियल' लिहू नका. माणसाचं नाव सिरिलिकमध्ये जसं आहे तसं, जन्मवर्ष, आवृत्ती 2007 ची की 2017 ची, मूळ स्मृतिग्रंथाचं नाव आणि खंड, आणि पान बघितल्याची तारीख, एवढं सगळं लागतं. आवृत्ती नाही लिहिली तर दुरुस्त तारीख आणि जुनी खोटी तारीख यातली कुठली घेतली ते पुढच्या वाचणाऱ्याला कळणार नाही.